अळणी चातुर्मास

अक्का, आज सकाळी शाळेत निघण्याआधी मी आरशासमोर उभी राहिले आणि तोंडात तीन बोटं उभी घालून पाहिली. मावली. मग उगाच पुन्हा एकदा घालून पाहिली. हे म्हणाले, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, दाढ ठणकतेय. मुंबईच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी सांगितलेली ही परीक्षा. तीन बोटं आत जायला हवीत, दोनच गेली तर काळजी करा, एकच गेलं तर असाल तसे निघून या. तुम्ही गेल्याला अजून महिना व्हायचाय, आणि माझी नजर प्रत्येकाच्या तोंडावर जाऊन बसते. कुणी मोठी जांभई दिली की मला बरं वाटतं. वर्गात पोरी पाढे म्हणतात तेव्हा मी पाढे ऐकत नाही, जबडे बघते.

याला जबाबदार तुम्ही आहात, हे आधी सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा मला बोलू कुठे दिलंत? धाकटी जाऊ म्हणून घरात आले त्या दिवसापासून बोलायचं काम तुमचं आणि ऐकायचं माझं. आता तुम्हाला पदर झटकून उठून जाता येणार नाही, तर ऐका.

तुमच्या तोंडाची कीर्ती काय सांगावी! पारनेरच्या बाजारात तुम्ही वांगीवालीशी घासाघीस सुरू केली की शेजारचा कांदेवाला आपणहून भाव उतरवायचा. घरच्या बांधावर उभं राहून तुम्ही वरच्या तुकड्यात औत हाकणाऱ्या दादांना हाक मारली की मधल्या रानातले गडीही बैल सोडून भाकरी खायला बसायचे. दादा तुमच्या उलट. नवरा वर्षाकाठी जेवढं बोलेल तेवढं तुम्ही चहा उकळेपर्यंत बोलून मोकळ्या. सासूबाई म्हणायच्या, देवानं दोघांचं बोलणं एकीच्याच पदरात घातलं.

त्याच तोंडानं मला नोकरीला लावलं, हे मी विसरलेले नाही. ह्यांना भिंगारला लष्कराच्या कोठारात कारकुनी लागली होती, मी सातवीची फायनल पास होते, आणि शाळेत जागा निघाली होती. सासूबाई ऐकेनात. सून पगार आणते म्हणजे मुलाला पुरत नाही असं लोक म्हणतील, हा त्यांचा घोर. तुम्ही भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालात, "बाईच्या पगारानं चुलीला इटाळ हुतो का? न्हाई ना? मंग जाऊ द्या तिला. हितं तरी ती काय करती, भाकरीचा नकाशा!" माझ्या भाकऱ्या गोल होत नसत, हे खरं होतं. सासूबाई हसल्या आणि विषय संपला. त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारणं सोडलं, मास्तरीन म्हणू लागलात. आज महिन्याच्या महिन्याला जी काय मी स्वतःच्या पायावर उभी आहे ती तुमच्या त्या एका वाक्यावर. त्यासाठी तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं राहून गेलं. तुम्ही ठेवू दिलं नसतं म्हणा.

मग मागच्या हिवाळ्यात तुमच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. त्याची जखम झाली आणि ती भरेना. तुम्ही सकाळ-संध्याकाळ तिथेच तर मिश्रीचं बोट ठेवायच्या. तव्यावर तंबाखू भाजली की त्या वासानं मला ठसका लागायचा आणि तुम्हाला तरतरी यायची. मिश्रीनंच हे झालं, असं डॉक्टर म्हणाले, मी म्हणाले, हे म्हणाले. तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "माझी आई म्हातारी हुईस्तवर लावत हुती, तिला काय झालं?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण त्यानं तुमचं म्हणणं खरं ठरत नाही, हेही मी अजून म्हणते.

दादा आणि हे तुम्हाला मुंबईला घेऊन गेले. तिथे आधी तुमच्या डाव्या बाजूच्या किडक्या दाढा काढल्या, कारण शेक दिल्यावर दात काढला तर हाड सडतं. क्यान्सर म्हटल्यावर तुम्ही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. दाढांसाठी मात्र रडलात. मग रोज मशीनखाली निजवून गालावर विजेचे शेक. गाठ विरघळत गेली आणि तुमचं तोंड आतून सोलवटत गेलं.

चैत्र-वैशाख मुंबईत काढून तुम्ही भिंगारला आमच्या दोन खोल्यांत आलात. मी दार उघडलं आणि आधी तुम्हाला ओळखलंच नाही. गाल वरून भाजलेल्या वांग्यासारखा काळा पडलेला आणि आत लालभडक. जिभेवर फोड. लाळ आधी घट्ट झाली, डिंकासारखी तार धरायची, तुम्ही बोटानं ओढून काढायच्या. पुढे ती आटलीच. तांब्या उशाशी, तांब्या ओट्यावर, तांब्या न्हाणीत. एक घोट घ्यायचा आणि तोंडात नुसता फिरवत बसायचं. बोलताना जीभ टाळूला चिकटायची आणि शब्द अर्ध्यात अडायचा. इतकं बोलणारी बाई, आणि "पाणी" म्हणायला पाणी लागायचं.

आणि चव गेली. मी काय काय नाही केलं! भगरीची पेज, मुगाचं कढण, दुधात भिजवलेले पोहे, साईत कुस्करलेली भाकरी. तुम्ही पहिला घास घ्यायचा, मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. गूळ कडू लागायचा. दूध चुन्याच्या निवळीसारखं. मिठाचा कण लागला तर डोळ्यांतून पाणी. एकदा म्हणालात, "मास्तरीन, माती खाल्ली तर मातीची तरी चव लागंल." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. राग तुमच्यावर नव्हता. कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून भांड्यांवर.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. सोड्याच्या पाण्यानं चुळा, आणि पट्ट्या. जीभ दाबून घसा बघायला डॉक्टर वापरतात तशा लाकडी पट्ट्या. त्यांची चवड दातांच्या मध्ये धरून बसायचं, सोसेल तशी एकेक पट्टी वाढवायची. ह्यांनी मुंबईहून आल्यावर मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. शेकानं आतलं मांस आक्रसतं, जखम भरली तरी ते आवळणं चालूच राहतं, म्हणून रोज ताणायचं. बंद ठेवलं की बंद होतं. तुम्ही मुकाट्यानं करायच्या. घाम फुटायचा, पण करायच्या. मी शाळेतून आले की बोटं धुऊन तुमच्यासमोर बसायची आणि तुम्ही आ करायच्या. तीन बोटं जायची. तेवढ्यावर मला रात्रीची झोप लागायची.

मग ज्येष्ठात सुमनची सुपारी फुटली.

तुमची एकुलती एक लेक. स्थळ पारनेर तालुक्यातलंच, घर चांगलं, मुलगा सहकारी सोसायटीत. दादांनी एकट्यानं जाऊन सुपारी फोडली. आई का आली नाही, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं हे तुम्ही आधीच पढवून ठेवलं होतं. भिंगारची धाकटी जाऊ अंथरुणाला खिळली आहे, तिचं करायला गेली. म्हणजे आजारी मी! पुढे कितीतरी दिवस बाजारात भेटलेली माणसं माझ्याकडे बघून म्हणायची, "बरं वाटतंय का आता?" आणि मी खोकून दाखवायची.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं. मधले चार महिने कसे काढायचे, याचा विचार तुम्ही आमच्या ओट्यावर बसून केलात आणि एका संध्याकाळी मला सांगून टाकलं. चातुर्मासाचं व्रत. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत अळणी, एकभुक्त, आणि दिवा लागेपर्यंत मौन.

"मीठ-मिरची सोसत न्हाई. कुनी इचारलं का खात न्हाई, तर काय सांगू? येकदाच, येकटीनं खाल्लं म्हंजी कसं खाते ते कुनी बघत न्हाई. आन् बोलले की कळतंय, जीभ जड झालीया. व्रत घेतलं की समदं झाकतंय बघ."

मी म्हटलं, "आणि देवाला काय सांगाल?"

"त्याला ठावं हाय. त्याला कशाला सांगायचं?"

"अक्का, पण तोंड बंद ठेवायचं नाही म्हणून तर डॉक्टर—"

"आईला क्यान्सर हाय म्हनल्यावर पोरीला कोन करंल? म्हनतील, रगतातच हाय. चार म्हैनं दम धर. पोरगी उजवली का मंग घाल किती पट्ट्या घालायच्या त्या. सुमीच्या गळ्याची आन हाय तुला, दादांना बोललीस तर. ते भोळं मानूस, जाऊन समद्या गावाला सांगतील."

तुमची अक्कल अफाट होती, अक्का. शाळा शिकला असतात तर वकील झाला असतात. प्रत्येक फट तुम्ही बुजवलीत. एकच उघडी राहायला हवी होती, ती सुद्धा.

मी त्या दिवशी भांडले, दुसऱ्या दिवशी भांडले. गावाला जायच्या एस.टी.त तुम्हाला बसवून देतानाही खिडकीला धरून भांडत होते. तुम्ही पदराखालून हात काढून माझ्या गालावर ठेवलात आणि मान फिरवलीत. व्रत सुरू व्हायला अजून दोन दिवस होते, तरी तुम्ही बोलला नाहीत. पट्ट्यांची पुडी मी तुमच्या पिशवीत कोंबली.

श्रावणात सुट्टी काढून आले तर घरात जत्रा. ओट्यावर बाया बसलेल्या, तुम्ही मध्ये, गालावरून पदर, हातात जपाची माळ. एकेक येऊन तुमच्या पायांना हात लावत होती. एकीनं तर पोराच्या खोकल्यावर अंगारा मागितला आणि तुम्ही दिलात! चुलीतली राख उचलून दिलीत, मी बघितलं. मला इतकं हसू आलं की पाण्याला जायचं निमित्त करून उठावं लागलं. आणि मागच्या दारी पोचेपर्यंत ते हसू मावळलं, कारण माझ्या लक्षात आलं की या घरात दिवसभर माणसं येतात, दाराला कडी नसते, आणि तुम्हाला पट्ट्या घालून बसायला जागाच नाही. दिवा लागल्यावर तरी करता का म्हणून मी खुणेनं विचारलं. तुम्ही ओट्याकडे बोट दाखवलंत. दिवा लागल्यावर तर जास्तच बाया येत होत्या. माउली बोलते कधी, ते ऐकायला.

तुम्हाला न्हाणीत ओढून नेलं आणि तोंड उघडायला लावलं. दोन बोटं गेली, तीही घासून. पट्ट्या कुठे आहेत विचारलं तर तुम्ही उतरंडीच्या तळच्या मडक्याकडे डोळे वळवलेत. मी काढायला गेले, तुम्ही हात धरलात. हात किती हलका झाला होता! मला वाटलं, मी जोरानं झटकला तर निखळून येईल.

पाऊस नव्हताच यंदा. विहिरीत तळाला गढूळ पाणी, रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी धडधाकट माणसाच्या घशाखाली उतरेना. तुम्हाला घोटाघोटाला पाणी लागायचं आणि गावाला पाण्याचा टँकर. मी भिंगारला नळाखाली बादली लावली की तुमचा तांब्या डोळ्यांसमोर यायचा. आत्ता भरलेला असेल का, कुणी उचलून जनावराला तर घातला नसेल? पोरींच्या वह्या तपासता तपासता मध्येच उठून मी स्वतःच पाणी पिऊन यायची.

दादाही अळणीच जेवत होते, हे मला त्या फेरीत कळलं. मोठे दीर म्हणून ते माझ्याशी कधी समोर बघून बोलले नाहीत. भिंतीकडे नाहीतर बैलांकडे बघून बोलायचे, आणि मी समजून घ्यायची. मी ताटात मीठ वाढायला गेले तर खांबाला म्हणाले, "कारभारीन अळनी खाती आन् मी मिठाचं खाऊ व्हय?" मला एस.टी.वर सोडायला आले तेव्हा माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. आण मोडायची, होईल ते होईल. तेवढ्यात ते समोरच्या बाभळीला म्हणाले, "देवानं वाचवली तिला. म्हून तिची येवढी भक्ती बसलीय. मी मधी पडत न्हाई. देवाचं हाय ते." चेहरा इतका समाधानी होता, अक्का. मी गाडीत चढले. भिंगार येईपर्यंत पिशवीचा बंद पिळत बसले होते, तो तुटला.

भाऊबीजेला ह्यांच्याबरोबर आले तेव्हा दीड बोट.

सुमनचं लग्न साधंच झालं. दुष्काळात कोण थाट करणार! लापशी आणि आमटी. तुम्ही हिरव्या लुगड्यात, गालावर पदर, इकडून तिकडे फिरत होतात, आणि मी तुमच्या मागे मागे, जणू तुमची करवली. मला एकाच गोष्टीची धास्ती होती, विहिणींची पंगत. सुमनची सासू जाडजूड, मोठ्या कुंकवाची, बोलकी बाई. बाया जमल्या आणि एकच गलका उठला. "आता व्रत सुटलं ना? नाव घ्या! विहीनबाईंनी नाव घ्या!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या दातांत तेव्हा पातळ चमचा जेमतेम जात होता. उखाणा घ्यायला गेलात तर पहिल्या शब्दाला सगळं उघडं पडलं असतं.

सुमनच्या सासूबाईच पुढे आल्या. "ऱ्हाऊ द्या गं, लग्नाच्या धावपळीत त्यांचा घसा बसलाय. मीच दोन घेते." आणि घेतले की दोन, एकाहून एक फाजील. बाया हसायला लागल्या. त्या हसण्याच्या आडोशानं त्यांनी लापशीवर दूध ओतलं, बोटांनी पार मऊ कालवलं आणि इतकासा घास तुमच्या डाव्या बाजूनं, दाढा काढलेल्या फटीतून आत सारला. खाली वाकून म्हणाल्या, "घ्या, येवढंच घ्या."

तुम्ही नंतर मला कोठीच्या खोलीत ओढून नेलंत आणि दातांमागून म्हणालात, "बघ. कळलं का कुनाला?" तुमचे डोळे इतके चमकत होते की मी भांडायचं विसरले. मीही हसले. त्या दिवशी आपण दोघी जिंकलो होतो, असं मलासुद्धा वाटलं.

मग नगरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी लावून फटीतून आत बघितलं, गळा चाचपला. म्हणाले, आजार परत आलेला दिसत नाही, जखम स्वच्छ आहे. मला रडू फुटणार होतं तेवढ्यात त्यांनी जबड्याला हात लावला. "हे असं कसं होऊ दिलंत? इतके महिने व्यायाम नाही केला?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हणाले, "दुष्काळ होता." त्यांना काय वाटलं असेल!

त्यांनी लाकडी पाचर दिली, दातांमध्ये घालून पिळायची. तुम्ही भिंगारला माझ्याकडे राहिलात आणि आपण पिळली. पोरगी उजवली होती, आता किती घालायच्या त्या घाल म्हणाला होतात ना, घातल्या. तुम्ही ओरडू शकत नव्हता, नाकातून आवाज यायचा. जबडा लाकूड झाला होता. ज्या दाढांसाठी तुम्ही मुंबईत रडलात, त्यांच्याच रिकाम्या जागेतून मी तुम्हाला पेज भरवली, आणि रोज मनात त्या दाढा काढणाऱ्याला हात जोडले. पण पेजेवर माणूस किती तगणार? लुगडं अंगावर राहीना. पौषात तुम्ही खुणेनं गावाला न्या म्हणालात. माघात एकदा पेज घशाशी चुकली, ठसका लागला, आणि तोंड उघडत नाही तर खोकला तरी कसा बाहेर पडणार? छाती भरली. ताप आला. मी पोचले तेव्हा तुम्ही मला ओळखलंत, हात उचललात. दुपारी गेलात. क्यान्सरनं नाही गेलात, अक्का. मी सगळ्यांना हे सांगत सुटते आणि कोणाला त्यातला फरक कळत नाही.

आता तुम्हाला माहीत नाही ते सांगते. यासाठीच तर लिहायला बसले.

तुमच्या दहाव्याला सुमनच्या सासूबाई आल्या होत्या. पिंडाला कावळा शिवल्यावर बाया परतल्या, त्या माझ्याजवळ मागच्या अंगणात बसल्या. मी म्हटलं, लग्नात तुम्ही घास मऊ करून दिलात, फार उपकार झाले. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांचं तोंड उघडत न्हाई, मंग कसा देऊ? शेक घेतलेल्याचं असंच हुतंय, माझ्या मावसभावाचं झालं हुतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की. तुमच्या दादांनी सुपारी फोडायच्या आदीच सांगितलं. म्हनले, पोरीच्या आईला असं असं झालंय, मुंबईला नेलं हुतं, मागनं कळून बोल लागाय नको. आमचे हे म्हनले, आजार कुनाला चुकलाय? पोरगी चांगली हाय, बास. आन् दादा म्हनले, तिच्यापुढं इषय काढू नका, लई मानी हाय ती. म्हून आमी कंदी बोललो न्हाई. गावातबी लई जनींना ठावं हुतं. बिचाऱ्या गप ऱ्हायल्या."

मला हसू आलं, अक्का. त्या घाबरल्या माझ्याकडे बघून. ओट्यावर तुमच्या पाया पडणाऱ्या त्या बाया! तुम्ही त्यांच्यापासून लपवत होता, त्या तुमच्यापासून लपवत होत्या. दादांनी व्याह्यांना सांगितलं आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही मला आण घातलीत म्हणून मी दादांना सांगितलं नाही. एवढी माणसं एकमेकांना जपत होती आणि कोणी तुमच्या जबड्याला जपलं नाही. ज्येष्ठात दादांनी फक्त इतकं म्हटलं असतं, "त्यांना ठावं हाय गं", तर तुम्ही आज माझ्या भाकरीला नावं ठेवत बसला असतात. मग हसू कुठल्या कुठे गेलं. मी तुमच्यावर इतकी चिडले की सुतकातही तुम्हाला शिव्या दिल्या, मोठ्यानं. अजून चिडलेलीच आहे. आणि तुमच्याशिवाय ते सांगायला कोणी नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भिंगारला निघालो. पिशव्या दारात ठेवल्या होत्या. दादा आतून फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आले आणि ओट्यावर सोडलं. पितळेची घंटा. मौनाच्या व्रताचं उद्यापन देवळाला घंटा देऊन करतात, ते राहून गेलं होतं. नगरच्या भांडेबाजारातून आणली होती, चांगली वजनदार. हे एस.टी. बघायला पुढे गेले होते. ओट्यावर दादा आणि मी, दोघंच.

दादा खांबाकडे बघत नव्हते. बैलांकडेही नाही. माझ्या तोंडाकडे बघत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"येक इचारू का?" ते म्हणाले. "ह्ये व्रत तिनं कशापायी घेतलं हुतं? मला कंदी बोलली न्हाई. व्रताचं इचारू न्हाई म्हनत्यात, म्हून मीबी इचारलं न्हाई. तुमाला काय बोलली हुती का?"

अक्का, तुम्ही घातलेली आण तुमच्याबरोबर गेली, असं मी दहाव्यापासून स्वतःला बजावत होते. खरं सांगावं, मोकळं व्हावं, या घरात कोणीतरी एकदा तोंडावर काहीतरी बोलावं. पण ते सांगितलं की पुढचं सगळं त्यांना आपोआप कळणार होतं. ज्येष्ठातलं ते एक वाक्य, जे त्यांनी तुम्हाला म्हटलं नाही. मग ते वाक्य घेऊन हा माणूस या घरात एकटा राहणार.

"सुमनसाठी," मी म्हटलं. "तिचा संसार नीट मार्गी लागावा म्हणून."

दादांनी मान खाली घातली. पंच्याच्या टोकानं घंटा पुसली, पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

"मंग फळाला आलं म्हनायचं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आलं."